बिनवायरचा पाण्यातला कॅमेरा: नदीवरच्या मोटारीसाठी घेऊ नका

प्रयाग चिखलीला पंचगंगेवर आमची पाच जणांची सामाईक मोटार आहे. पूर ओसरला की मोटारीच्या पाणी ओढायच्या चाळणीत जलपर्णी, प्लॅस्टिक, चिंध्या अडकतात आणि कुणाला तरी बुडी मारून हातानं चाचपावं लागतं. गेल्या वर्षी धाकट्या चुलतभावाचा पाय खालीच केबलमध्ये गुंतला. वर आला तेव्हा ओठ निळे पडले होते. त्याच आठवड्यात मी साडेसात हजारांचा कॅमेरा मागवला. खोक्यावर छापलं होतं: वायरलेस, तीस मीटर खोल, चित्र थेट मोबाईलवर.

पाणी आत शिरलं नाही, तेवढं खरं. दोरीला बांधून सोडला तर पाण्याला टेकेपर्यंत काठावरची माझी चप्पलसुद्धा स्वच्छ दिसत होती. वीतभर खाली गेला आणि चित्र गोठलं. वर ओढला की चालू, सोडला की बंद. सात-आठ वेळा करून बघितलं. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, नेटवर्क तपासा.

नेटवर्काचा काय संबंध? वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी पाणीच पिऊन टाकतं. मायक्रोवेव्हमध्ये जेवण गरम होतं ते जवळपास ह्याच लहरींनी. खाऱ्या पाण्यात तर त्या आणखी लवकर मरतात. पाणबुड्यांना निरोप द्यायला आपल्या नौदलानं तिरुनेलवेलीजवळ आयएनएस कट्टबोम्मन हे केंद्र उभारलंय, ते अतिशय कमी वारंवारितेच्या लहरी वापरतं म्हणूनच. त्या लहरीसुद्धा पाण्यात थोड्याच खोल पोचतात.

आमच्या कट्ट्यावर अजून वाद चालतो. 26 सप्टेंबर 2022 ला बाल्टिक समुद्रात बॉर्नहोम बेटाजवळ, रशियातून जर्मनीला जाणाऱ्या नॉर्ड स्ट्रीमच्या चारपैकी तीन गॅसवाहिन्या फुटल्या, तेव्हा लांबून कुणीतरी मोबाईलवर बटण दाबलं असणार, असं दोघं-तिघं ठासून सांगतात. मी त्यांना हा कॅमेरा दाखवतो. त्या वाहिन्या सत्तर-ऐंशी मीटर खाली होत्या, हा वीतभर पाण्यात मुका होतो. पाण्यात लांब जातो तो आवाज, सेकंदाला सुमारे 1500 मीटर, हवेतल्या चौपटीपेक्षा जास्त. पण त्यात जहाजांची घरघर आणि तळावरून परतणारे प्रतिध्वनी मिसळतात. फोन लावण्याइतकं ते सोपं नाही. आपल्या मोटारीचा मोबाईल स्टार्टर चालतो, कारण सिमकार्ड काठावरच्या पेटीत असतं, पाण्यात फक्त केबल जाते.

शेवटी केबलचा कॅमेरा घेतला. तीस मीटर वायर, छोटा स्क्रीन, नऊ हजार. पहिल्याच दिवशी चाळणीभोवती पिळा बसलेली हिरवी नायलॉनची साडी दिसली, काठाची जरसुद्धा ओळखू आली. लांब बांबूला आकडा लावून स्क्रीनकडं बघत ती ओढून काढली. कुणाला पाण्यात उतरावं लागलं नाही.

पावसाळ्यात मात्र हा निरुपयोगी. गढूळ पाण्यात दिव्याचा नुसता पिवळा धूर दिसतो. दुपारी उन्हात स्क्रीन दिसत नाही, डोक्यावर टॉवेल घेऊन बसावं लागतं. आणि वजन वायरवर टाकू नका, कॅमेऱ्याच्या कडीला वेगळी दोरी बांधा. आमचा जोड दुसऱ्या महिन्यात सुटला होता.