कीथ पेन व्हीसी यांची सही असलेली फ्रेम: सही एक नंबर, मेडल जत्रेतलं

ब्रिस्बेनमध्ये राहून अँझॅक डेची (इथला सैनिकांच्या स्मरणाचा दिवस) परेड बघितली की असली एखादी वस्तू घरात असावी असं वाटायला लागतंच, त्यात माझे सासरे मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले, मग त्यांच्या पंचाहत्तरीला काय द्यायचं यावर घरात बराच खल झाला आणि शेवटी इथल्या एका डीलरकडून (नाव नको, का ते पुढे कळेलच) व्हीसी, म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्याचं सर्वोच्च मेडल, मिळालेल्या कीथ पेन यांनी सही केलेली लिमिटेड एडिशन फ्रेम घेतली. किंमत सहाशे डॉलरच्या घरात, म्हणजे स्वस्त अजिबात नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पेन हे इथल्याच क्वीन्सलँडचे, इंगमचे. व्हिएतनाम युद्धात ऑस्ट्रेलियन सैन्याच्या ट्रेनिंग टीममध्ये वॉरंट ऑफिसर होते आणि स्थानिक सैनिकांची एक कंपनी त्यांच्या हाताखाली होती. २४ मे १९६९ ला बेन हेटजवळ कंपनीवर तिन्ही बाजूंनी हल्ला झाला, फळी फुटली, पोरं पांगली. हा माणूस स्वतः जखमी, तरी उरलेल्यांना जरा सुरक्षित जागी आणून बसवलं आणि अंधार पडल्यावर परत शत्रू फिरतोय त्याच भागात जाऊन चाळीसेक जण शोधून काढले. व्हिक्टोरिया क्रॉस राणी एलिझाबेथच्या हस्ते मिळाला, १९७० मध्ये, तोही इथे ब्रिस्बेनलाच, ब्रिटानिया जहाजावर. ट्रेनिंग टीमला त्या युद्धात एकूण चार व्हीसी मिळाले, त्यातले व्हीटली आणि बॅडको हे दोघं मरणोत्तर.

आता फ्रेम. सही खरी आहे, हे आधी सांगते कारण पैसे सहीचेच असतात, बाकी सगळा पुठ्ठा आणि लाकूड. भिंग घेऊन तिरप्या उजेडात बघा, पेनाची शाई कागदावर वेगळी चमकते आणि रेघेवर रेघ जाते तिथे गडद होते, छापील सही असेल तर बारीक ठिपके दिसतात. सोबतचं सर्टिफिकेट म्हणजे डीलरनेच डीलरला दिलेलं कॅरेक्टर सर्टिफिकेट, त्यावर फार विसंबू नका, सही करतानाचा फोटो किंवा कार्यक्रमाची तारीख मागा. आणि पहिल्या महायुद्धातला व्हीसी अल्बर्ट जॅका याच्या नावाने ‘साइन्ड’ प्रिंट कोणी दाखवली तर सरळ पुढे चला, तो माणूस १९३२ मध्ये गेला, ती सही छापलेलीच असणार.

माझा राग आहे तो खालच्या रेप्लिका मेडलवर. खऱ्या व्हीसीची रिबन गडद किरमिजी असते आणि ब्राँझ काळपट, फारसं न चमकणारं. यांनी लालभडक रिबन लावलीय आणि क्रॉस असा चकचकीत की सासऱ्यांनी बघितल्या बघितल्या विचारलं, “हे जत्रेत घेतलं का गं?” बरं, खऱ्या क्रॉसच्या मागे पराक्रमाची तारीख कोरलेली असते, ते बघावं म्हटलं तर मेडल गोंदाने पक्कं चिकटवलेलं. डीलरला ईमेल केली, उत्तर आलं की डिस्प्ले पर्पजसाठी आहे. सहाशे डॉलर घेताना नव्हतं वाटतं डिस्प्ले पर्पज!

सगळ्यात आवडलं ते सायटेशन, म्हणजे मेडल का दिलं त्याचा सरकारी मजकूर. पूर्ण छापलाय, अक्षर वाचता येईल एवढं मोठं. सासरे तासभर तेच वाचत बसले आणि मग म्हणाले, आपल्या नामदेव जाधवांचं असं काही मिळतं का बघ. १९४५ मध्ये इटलीत सेनिओ नदीवर जखमी साथीदारांना पाठीवर घेऊन नदी ओलांडणारे आणि मग एकट्याने मशीनगनच्या चौक्या गप्प करणारे ते नगर जिल्ह्यातले व्हीसी. शोधलं, सही केलेलं काहीच सापडलं नाही.

दोन-तीन व्हीसीवाल्यांच्या एकत्र सह्या असलेल्या फ्रेम्सही मिळतात, पण त्यात अफगाणिस्तानातल्या लढाईसाठी व्हीसी मिळालेल्या बेन रॉबर्ट्स-स्मिथची सही असेल तर विचार करून घ्या. २०२३ मध्ये तो मानहानीचा दावा हरला, दिवाणी कोर्टाने पेपरांनी त्याच्यावर केलेले युद्धगुन्ह्यांचे गंभीर आरोप बऱ्याच अंशी खरे धरले आणि २०२५ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. भिंतीवर लावल्यावर येणारा प्रत्येक पाहुणा तेच विचारणार.

खरी मेडल्स बघायची असतील तर कॅनबेराच्या वॉर मेमोरियलमधला हॉल ऑफ व्हॅलर, प्रवेश फुकट, फक्त आधी वेळ बुक करा. पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत ऑस्ट्रेलियनांना मिळालेले नऊच्या नऊ व्हीसी तिथे आहेत, शेवटचा आल्फ्रेड शाउटचा, २००६ च्या लिलावात उद्योगपती केरी स्टोक्सने दहा लाख डॉलरच्या वर मोजून घेतला आणि मेमोरियलला देऊन टाकला.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. घ्यायचीच तर नुसती सही केलेली प्रिंट घ्या आणि फ्रेम बाहेरून करून घ्या, माउंट अ‍ॅसिड-फ्री सांगा नाहीतर काही वर्षांत कागद पिवळा पडतो. भारतात पाठवणार असाल तर काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक, आणि ती उन्हाच्या भिंतीवर लावू नका, शाई उडते.