मे महिन्यातला दोन हातांचा कॅम्प (पुणे), आमचा अनुभव

दोन्ही हात वापरायला शिकवणाऱ्या या थेरपी कॅम्पबद्दल बऱ्याच जणींनी विचारलं म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. सेंटरचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि माणसं तशी चांगली आहेत.

मुलगा सात वर्षांचा, सीपी (सेरेब्रल पाल्सी), उजव्या बाजूचा हेमिप्लेजिया, म्हणजे शरीराची उजवी बाजू कमजोर. चालतो, पळतो, मस्ती करतो, पण उजवा हात म्हणजे घरी आलेला पाहुणा, कामाला हात लावणार नाही. अंगठा मुठीत आणि मूठ छातीशी. डाव्या हाताने सगळं इतकं पटापट उरकतो की उजव्याची त्याला गरजच वाटत नाही, आणि मी दिवसभर "उजवा घे रे, उजवा घे" करून करून त्याच्यासाठी व्हिलन झालेय.

कॅम्प बारा दिवसांचा, रोज तीन तास, सहा मुलं. ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) ताईंनी आधीच सांगितलं की अमेरिकेत कोलंबिया युनिव्हर्सिटीत ही दोन्ही हातांची ट्रेनिंग (हॅबिट म्हणतात तिला) सुरू झाली तेव्हा रोज सहा सहा तास घ्यायचे, दहा दिवसात 60 तास. इथे 36 च होतात, म्हणून घरी रोज तासभर करून घ्याच, नाहीतर पैसे पाण्यात. हे स्पष्ट बोलणं आवडलं.

सगळ्यात भारी काय तर बारा दिवसात "उजवा हात वापर" हे वाक्य तिथे कोणी उच्चारलंच नाही. खेळच असे निवडलेले की एका हाताने होतच नाहीत. भोवरा घ्या, जाळी गुंडाळायची तर एका हाताने भोवरा धरायलाच लागतो. मग शेंगा सोलायच्या आणि दाणे ज्याचे त्याने खायचे, कणकेच्या साप-विंचवांना कात्रीने कापायचं, डब्याचं झाकण उघडलं तरच आतली गाडी मिळणार. शेंगांच्या वेळी आमच्या चिरंजीवांनी दातांनी सोलायचा शॉर्टकट काढला, तर ताईंनी शांतपणे नियम केला की टरफल अख्खं राहिलं तरच पॉइंट.

आणि जादू! लंडनमधे ब्रीद मॅजिक म्हणून कॅम्प आहे, तिथे हेमिप्लेजियाच्या मुलांना खरे जादूगार हातचलाखी शिकवतात, ती कल्पना इथे दोन दिवस घेतली होती. आमच्या मुलाला नाण्याची जादू दिली. नाणं लपवलेलं उजव्या मुठीत, ती मूठ कायमच बंद असल्यामुळे कोणाला संशयच येत नाही, आजोबा चक्क दोनदा फसले. पण "छू" म्हणून नाणं दाखवायचं तर मूठ उघडावी लागते ना! जी मूठ उघडायला मी तीन वर्षं स्ट्रेचिंग करत रडारड ऐकली ती हा आता शेजारच्या काकूंसमोर स्वतः उघडतोय, हळूहळू, एकेक बोट, आणि त्याला वाटतंय की तो सस्पेन्स वाढवतोय.

आता तक्रारी. रोज एक तास डाव्या हाताला जाड मोजा घालायचे. ही पण नीट सिद्ध झालेली पद्धत आहे, सीआयएमटी, चांगला हात बांधला की दुसऱ्याला काम करावंच लागतं, हे मला मान्य आहे. पण बाकीच्या मजेनंतर तो तास म्हणजे शिक्षा वाटायची, खेळ पण तेच ते पेग उचला पेग ठेवा. चौथ्या दिवशी मोजा बादलीत बुडवलेला सापडला, कोणी बुडवला ते सांगायला नको. तिथे जरा डोकं लावायला हवं होतं.

दुसरं, पावतीवर थेरपिस्टचा रजिस्ट्रेशन नंबर नाही. निरामय इन्शुरन्सचा (सीपीसारख्या अपंगत्वासाठीची सरकारी आरोग्य विमा योजना) क्लेम करणार असाल तर पहिल्याच दिवशी नीट पावती मागून घ्या, मी शेवटी मागितली आणि अजून फेऱ्या मारतेय. तिसरं म्हणजे लिफ्ट बंद आणि सेंटर दुसऱ्या मजल्यावर, आमचा चढतो हो, पण एका आईने मुलीला रोज कडेवर घेऊन जिने चढले, हे अशा ठिकाणी चालणारच नाही.

शेवटच्या दिवशी 2200 रुपयांचं होम किट गळ्यात मारतात, घेऊ नका. थेरपी पुट्टीच्या (हाताच्या व्यायामाचा मऊ गोळा) जागी घट्ट कणीक चालते (ताईच हळूच म्हणाल्या), बाकी तुळशीबागेतली भातुकली आणि एक भोवरा, झालं.

फरक किती? चमत्कार नाही. मॅक्सची (सीपीच्या मुलांचं हातांचं काम मोजायची पाच पायऱ्यांची पट्टी) लेव्हल दोन होती ती दोनच आहे, अंगठा अजून आत जातो, स्प्लिंट (हाताला आधार देणारी पट्टी) चालूच आहे. पण पाण्याची बाटली आता उजव्याने पोटाशी धरून डाव्याने उघडतो, पूर्वी सरळ माझ्याकडे फेकायचा. आणि पॅन्टची चेन, ती अर्धी लागते, उरलेली अर्धी आम्ही जादूने लावतो.

पाचपैकी चार. एक स्टार लिफ्टचा आणि मोज्याचा मिळून कापला. दिवाळीत परत बॅच आहे, जाणार असाल तर जुने कपडे घाला कारण रंगांचे डाग जात नाहीत, आणि गाडी नेऊ नका, पार्किंग अजिबात नाही.