गर्भपातानंतरचा शॉक: रक्त गेल्याचा की जंतुसंसर्गाचा?

अर्धवट गर्भपातात गर्भाचे किंवा वारेचे तुकडे पिशवीत अडकून राहतात. तिथून शॉक, म्हणजे रक्तदाब कोसळून अवयवांना पुरेसं रक्त न मिळणं, दोन वाटांनी येतो.

रक्तस्रावाचा शॉक झपाट्याने येतो. आत तुकडा असला की पिशवी नीट आवळत नाही, रक्त थांबत नाही. तासाला दोन पॅड भिजतात, बाई पांढरीफटक पडते, हातपाय गार, दरदरून घाम. नाडी 110 च्या वर, वरचं बीपी 90 च्या खाली. ती तळमळते, आणि घरचे म्हणतात, ‘घाबरलीय.’ ही समजूत जिवावर बेतते.

जंतुसंसर्गाचा शॉक मला जास्त फसवा वाटतो. रक्त कदाचित थोडंच जात असतं. थंडी वाजून ताप, अंगावरून घाण वासाचं जाणं, ओटीपोटात दुखणं. सुरुवातीला अंग गरमच असतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. पुढे लघवी कमी होते, बोलणं असंबद्ध होतं. ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका. काहींचं अंग उलट गार पडतं.

सुरुवात दोन्हींत एकच: 108 ला फोन, कुशीवर झोपवणं, पाय थोडे उंच, अंगावर पांघरूण, तोंडाने काहीही नाही. दवाखान्यात ऑक्सिजन, जाड सुया, भराभर सलाइन.

मग पहिल्यात रक्त चढवून पिशवी तातडीने साफ करतात. दुसऱ्यात आधी शिरेतून अँटिबायोटिक, शक्यतो तासाभरात. पिशवी मात्र तिथेही लवकर रिकामी करावीच लागते, नुसत्या औषधाने भागत नाही. कधी दोन्ही शॉक एकत्र येतात, तेव्हा रक्त आणि अँटिबायोटिक सोबतच चालू होतं.