पॅलेट फोर्क घ्यायचाय? टनाचा आकडा नंतर, आधी लिव्हर बघा

रावेर साइडला आमचं केळीचं पॅकिंग चालतं. खोकी भरायची, पॅलेटवर (खालून काटे घालून उचलायच्या लाकडी पाटावर) रचायची, गाडीला लावायची, आणि हे सगळं हमालांच्या पाठीवर किती दिवस चालणार, म्हणून छोट्या फोर-व्हील ट्रॅक्टरच्या फ्रंट लोडरला बकेट काढून पॅलेट फोर्क, म्हणजे पॅलेट उचलायचे दोन काटे, बसवून घेतला. लोकल फॅब्रिकेशनवाल्याचा माल आहे, नाव लिहीत नाही कारण काही गोष्टी त्याला पटणार नाहीत. पाचपैकी साडेतीन स्टार, का ते सांगतो.

लोखंड एक नंबर, त्यात वाद नाही. काटे जाड आहेत, वाकले नाहीत, 1200 बाय 1000 मिलिमीटरच्या पॅलेटमध्ये बरोबर जातात. पण काट्याची लॉक पिन भोकात सैल आहे, रिकाम्या ट्रॅक्टरवर रस्त्याने निघालं की अर्ध्या गावाला कळतं. आमच्या ड्रायव्हरने जुन्या ट्यूबचा तुकडा कापून पिनच्या खाली दाबला तेव्हा खडखड थांबली. एवढे पैसे घेता, एक बुश टाकायला काय झालं होतं भो?

आता आकड्याचं. विकणारा म्हणतो 800 किलो उचलतो. खोटं नाही, पण तो आकडा लोडरच्या हातांना काटे जिथं जोडतात त्या पिनजवळचा असतो. माल काट्यावर असतो, त्याचा मध्य अर्धा मीटर तरी पुढे, आणि काट्याच्या फ्रेमचं स्वतःचं वजन वेगळं, ते सगळं वजा करा मग हातात काय राहतं बघा. एक्स्पोर्टचं खोकं 13 किलोचं, 50 खोकी म्हणजे 650 किलो, ते या ट्रॅक्टरला झेपत नाही, आम्ही 30 खोक्यांचंच पॅलेट करतो. 390 किलो आरामात.

पण खरा विषय उचलण्याचा नाहीच, धक्क्याचा आहे. केळीला मार लागला की दुसऱ्या दिवशी साल काळी पडते आणि व्यापारी तिथंच भाव पाडतो. म्हणून पॅलेट खाली ठेवायचं ते तव्यावर भाकरी सोडतात तसं. आणि इथं फोर्कपेक्षा लोडरचा व्हॉल्व्ह, म्हणजे लिव्हरने जॅकचं ऑइल सोडणारा भाग, जास्त महत्त्वाचा. आमचा लिव्हर पहिले दोन बोटं हलवला तरी काहीच होत नाही आणि मग एकदम जॅक पळतो. उचलताना यावर उपाय आहे, रेस कमी ठेवायची, पंप इंजिनवर चालतो त्यामुळे आरपीएम कमी म्हणजे ऑइल कमी, लोडरचे हात सावकाश वर जातात. उतरवताना मात्र रेस कमी करून काही उपयोग नाही कारण तिथं मालच स्वतःच्या वजनाने खाली येतो, सगळं तुमच्या मनगटावर. शेवटी जळगावहून हायड्रोलिक होजवाल्याकडून लिफ्टच्या लाइनला वन-वे रिस्ट्रिक्टर टाकून घेतला, वर जाताना ऑइल मोकळं, खाली येताना अरुंद वाट. फरक बघा म्हणजे, नवीन पोरगा पण आता पॅलेट आपटत नाही. हा पार्ट कंपनीनं आधीच द्यायला पाहिजे होता.

दुसरी भानगड लेव्हलची. आमचा लोडर सेल्फ-लेव्हलिंगवाला नाही. म्हणजे हात वर गेले की काट्यांची टोकं आपोआप वर उचलली जातात आणि खोकी ड्रायव्हरकडे कलतात, त्यामुळे वर घेता घेता थोडं थोडं डंप करत (टोकं खाली झुकवत) जावं लागतं, खाली येताना उलट. दोन्ही एकदम केलं तर ऑइल ज्या बाजूला सोपं जातं तिकडे पळतं आणि दुसरा जॅक थांबतो, म्हणून आम्ही थोडं उचल, थोडं सरळ कर, असंच करतो. सीटवरून काटे सपाट आहेत का दिसतच नाही, तर फ्रेमवर एक सळई वेल्ड केली, ती सळई जमिनीला समांतर दिसली म्हणजे काटे लेव्हलला. टोकांना पिवळा रंग मारला. पॅरलल लिंकेजवाला, म्हणजे काटे आपोआप सपाट ठेवणारा लोडर थोडा महाग पडतो पण रोज पॅलेट उचलायचं असेल तर तोच घ्या, डोकं शांत राहतं.

लिव्हर पूर्ण पुढे ढकलला की फ्लोटच्या खाचेत बसतो, म्हणजे जॅक मोकळा सुटतो, हे प्रत्येक ड्रायव्हरला पहिल्या दिवशी दाखवा. बकेटने जमीन सारखी करायला फ्लोट मस्त, पण वर माल असताना फ्लोट लागला तर पॅलेट धाडकन खाली.

मागे वजन पाहिजेच. आम्ही रोटाव्हेटर काढतच नाही. लोक म्हणतात पलटी होऊ नये म्हणून, ते आहेच, पण अजून एक, या ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या चाकांना, पुढे माल आला की मागची चाकं हलकी होतात आणि उतारावर ब्रेक दाबला तरी घसरत जातं. फोर-व्हील लावून ठेवलं तर पुढची चाकं पण धरतात. आमच्या रॅम्पवर म्हणूनच फोर-व्हील टाकल्याशिवाय कोणी जायचं नाही, आणि माल घेऊन उतरताना रिव्हर्समध्ये, काटे जमिनीपासून फूटभरच वर.

मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 ला जातो तेव्हा दुपारी ऑइल पातळ होऊन लिव्हर सकाळपेक्षा जास्त चपळ वागतो, हे पण ध्यानात ठेवा. सर्व्हिसचं म्हणाल तर फोन उचलतात, येतो म्हणतात, येत नाहीत.

घ्यायला गेलात तर विकणारा रिकामे काटे वर-खाली करून दाखवेल, ते बघू नका. स्वतःची खोकी नाहीतर युरियाच्या गोण्या लादा, 45 किलोच्या आठ गोण्या पुरेत, आणि उतरवता उतरवता कमरेएवढ्या उंचीवर थांबवायला सांगा. गोण्या उडाल्या की व्हॉल्व्ह बदलून मागा नाहीतर रिस्ट्रिक्टर त्याच्याच पैशातून बसवून घ्या.