होमोसिस्टीनची घरपोच तपासणी: हात हलका, पण नळीचे हाल

गेली पाच वर्षं मी मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी घेते. या गोळीनं बी-१२ कमी होऊ शकतं आणि बी-१२ कमी पडलं की रक्तातलं होमोसिस्टीन (एक अमिनो आम्ल) वाढतं, म्हणून डॉक्टरांनी ते एकदा बघून घ्यायला सांगितलं. घरी येऊन रक्त नेणाऱ्या एका कंपनीचं ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस पॅकेज’ (म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या ऑक्सिडंट रेणूंचा ताण मोजणारं) मी घेतलं. त्यात होमोसिस्टीन आणि ‘टोटल अँटिऑक्सिडंट कपॅसिटी’ (अशा रेणूंना थोपवण्याची रक्ताची एकूण ताकद) अशा दोन तपासण्या होत्या.

रक्त घ्यायला आलेल्या मुलाचा हात फार हलका. माझी शीर पटकन सापडत नाही, पण त्यानं पहिल्याच खेपेला घेतलं. जांभळ्या झाकणाची नळी हळूच सात-आठ वेळा उलटसुलट केली, नावाची चिठ्ठी माझ्यासमोर चिकटवली. आणि मग नळी साध्या पिशवीत टाकून पुढच्या घरी निघाला. “बर्फ नाही आणला?” “लागत नाही, मॅडम.”

लागतो. रक्त नळीत आल्यावरही त्यातल्या तांबड्या पेशी होमोसिस्टीन बाहेर सोडतच राहतात. खोलीच्या तापमानाला आकडा तासाला साधारण १० टक्क्यांनी चढतो. म्हणून नळी लगेच बर्फात ठेवायची आणि तासाभरात सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी वेगळ्या करायच्या. माझ्या रिपोर्टवर वेळा छापलेल्या होत्या: रक्त घेतलं ७.१०, लॅबला मिळालं ११.०५. होमोसिस्टीन १८.६, तेही लाल अक्षरांत. साधारणपणे १५ मायक्रोमोल प्रति लिटरपर्यंत ठीक मानतात. त्या रात्री मला झोप लागली नाही.

चार दिवसांनी मी स्वतः एका लॅबमध्ये जाऊन पुन्हा रक्त दिलं. तिथल्या बाईंनी नळी थेट बर्फाच्या ट्रेमध्ये ठेवली आणि मी बाही खाली करेपर्यंत आत नेलीसुद्धा. आकडा आला १३.२.

मधल्या काळात कंपनीच्या ‘आरोग्य सल्लागारा’चा फोन येऊन गेला होता. तुमचा ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढलाय, फॉलिक अ‍ॅसिड सुरू करा, सोबत आमच्या बीटा-कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल घ्या. याचा मला खरा राग आला. होमोसिस्टीन प्रथिनांतल्या मेथिओनीन या अमिनो आम्लापासून बनतं आणि शरीर ते दोन वाटांनी मार्गी लावतं. फोलेट (फॉलिक अ‍ॅसिडचंच नैसर्गिक रूप) आणि बी-१२ असलं की त्याचं पुन्हा मेथिओनीन होतं. बी-६च्या मदतीनं दुसऱ्या वाटेला गेलं की सिस्टीन होतं आणि सिस्टीनपासून ग्लुटाथायोन, म्हणजे पेशीचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट. पेशीतलं हायड्रोजन पेरॉक्साइड निकामी करायला हेच ग्लुटाथायोन खर्ची पडतं. म्हणजे साठून राहिलं तर त्रास देणारं होमोसिस्टीन योग्य वाटेनं गेलं तर संरक्षणाचा कच्चा माल ठरतं! मला हे फार सुंदर वाटतं, आणि ते समजावून सांगायचं सोडून हे लोक बाटल्या विकतात. बी-१२ न तपासता नुसतं फॉलिक अ‍ॅसिड दिलं तर बी-१२च्या कमतरतेचा रक्तक्षय झाकला जातो आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. बीटा-कॅरोटीनचं म्हणाल, तर फिनलंडमधल्या धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या मोठ्या चाचणीत, १९९४ साली, ते घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर उलट जास्त आढळला. मी सिगारेट ओढते की नाही, हे फोनवर कुणी विचारलंही नाही.

‘टोटल अँटिऑक्सिडंट कपॅसिटी’वर पैसे घालवू नका. त्या आकड्यात युरिक अ‍ॅसिडचा वाटा मोठा असतो. युरिक अ‍ॅसिड वाढलं तरी तो ‘छान’ दिसतो.

आणि पॅकेजमध्ये बी-१२ नाही, क्रिएटिनिन नाही, थायरॉइड नाही. मूत्रपिंडं मंदावली किंवा थायरॉइड कमी पडलं तरी होमोसिस्टीन चढतं, मग हे न बघता आकड्याचा अर्थ लावायचा कसा? माझं बी-१२ मी वेगळं तपासून घेतलं. ते कमीच निघालं आणि डॉक्टरांनी त्याचीच गोळी दिली.

तक्रार केल्यावर कंपनीनं दुसऱ्यांदा मोफत रक्त न्यायची तयारी दाखवली, तीही लगेच आणि नम्रपणे. बर्फाची पेटी आणणार का, असं मी दोनदा लिहून विचारलं. त्यावर अजून उत्तर आलेलं नाही. पाचपैकी दोन तारे देतेय, दोन्ही त्या मुलाच्या हाताला.