शाळेच्या पत्राविना झालेली स्वमग्नतेची तपासणी : जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राचा आमचा अनुभव

आमचा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. त्याची स्वमग्नतेची, म्हणजे ऑटिझमची, तपासणी आम्ही आमच्या जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, ज्याला तेथे सगळे डीईआयसी म्हणतात, करून घेतली. शाळेने साथ दिली नाही म्हणून तपासणी लांबणीवर टाकणाऱ्या पालकांना उपयोग व्हावा, यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

मुलगा खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सिनियर केजीत आहे. तो हाकेला ओ देत नाही, इतर मुलांत मिसळत नाही आणि एसटी बसस्थानकावर ऐकलेली उद्घोषणा दिवसभर जशीच्या तशी म्हणत राहतो, हे आम्ही वर्गशिक्षिकेला सांगितले, तेव्हा घरी लाड जास्त होतात, एवढेच उत्तर मिळाले. पुढे एका बालरोगतज्ज्ञांनी शाळेकडून भरून आणण्यासाठी दिलेला दोन पानांचा फॉर्म मुख्याध्यापिकांनी तीन आठवडे ठेवून घेतला आणि असल्या कागदावर शाळेचा शिक्का देता येणार नाही, असे सांगून कोराच परत केला. तो कोरा फॉर्म हातात घेऊन शाळेच्या फाटकाबाहेर उभी असताना मला वाटले होते की, आता सगळे येथेच संपले.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून सुरू आहे आणि त्याची फिरती पथके अंगणवाड्यांत व शासकीय-अनुदानित शाळांत मुलांची तपासणी करून गरज असलेल्या मुलांना या केंद्राकडे पाठवतात. आमच्या मुलासारखी खासगी शाळेतील मुले या वाटेवर येतच नाहीत, आणि शाळाही गप्प राहिली की त्यांच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. मात्र आमच्या केंद्रात पालकांनी थेट आणलेले मूलही घेतात, हे मला लसीकरणाच्या वेळी ओळख झालेल्या परिचारिकाताईंनी सांगितले. मुलाचे आधार कार्ड, जन्मदाखला आणि माता-बाल संरक्षण कार्ड एवढ्यावर आमची नोंदणी झाली.

पहिल्या भेटीत स्वमग्नतेचा विषय निघालाच नाही. आधी बालरोगतज्ज्ञांनी मुलाला तपासले आणि मग श्रवणतपासणीसाठी पाठवले, कारण हाकेला न वळणाऱ्या मुलाला ऐकू येते की नाही, हे आधी पाहावे लागते. हा क्रम मला फार योग्य वाटला. ऐकणे व्यवस्थित असल्याचा कागद हाती आल्यावर मानसशास्त्रज्ञांची तारीख मिळाली, पण ती सात आठवड्यांनंतरची. संपूर्ण जिल्ह्यासाठी तेथे एकच मानसशास्त्रज्ञ आहेत.

त्या दिवशी मी सर्वप्रथम तो कोरा फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला. त्या म्हणाल्या, "ताई, शाळेचं पत्र नसेल तर नसू दे. तो घरी काय करतो ते सांगा, घाई नाही." मात्र शाळेची माहिती अनावश्यक आहे, असे त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. मूल एकाच ठिकाणी तसे वागते की सगळीकडेच, हे निदानासाठी समजावे लागते आणि शाळा हे घराबाहेरचे सर्वांत मोठे ठिकाण असते, हे त्यांनी नीट समजावून सांगितले. मग त्याची भरपाई त्यांनी दुसऱ्या मार्गाने केली: भाचीच्या बारशात मुलगा कसा वागला याचे मोबाइलवरील चित्रीकरण पाहिले, सोसायटीच्या अंगणात तो इतर मुलांजवळ असतानाचे आणखी दोन व्हिडिओ मागवले, आणि त्याच्या जुन्या बालवाडीच्या ताईंशी माझ्यासमोरच फोनवर दहा मिनिटे बोलून टिपणे घेतली.

त्यानंतर त्या मुलासोबत जमिनीवर बसल्या. साबणाच्या फुग्यांची बाटली उघडून त्यांनी चार फुगे उडवले, झाकण घट्ट लावले आणि बाटली त्याच्यापुढे ठेवून गप्प राहिल्या. मुलाने बाटली हलवली, दातांनी झाकण ओढून पाहिले, आणि मग त्यांच्या तोंडाकडे एकदाही न पाहता त्यांचे मनगट धरून त्यांचा हात झाकणावर नेऊन ठेवला. घरी चिवड्याचा डबा उघडून हवा असला की तो माझा हात अगदी असाच नेतो. हे मी शाळेत कितीदा सांगितले होते! येथे ते पहिल्यांदा कोणीतरी लिहून घेतले.

पुढील भेटीत इसा, म्हणजे स्वमग्नतेच्या मोजमापाची भारतीय श्रेणी, वापरून गुण दिले गेले. तिच्यात 40 मुद्दे असून प्रत्येकाला 1 ते 5 गुण असतात. बेरीज 70 च्या खाली असेल तर त्या मोजमापानुसार स्वमग्नता धरत नाहीत. आमच्या मुलाची बेरीज 94 आली, जी सौम्य गटात मोडते. आकडा सांगितल्यावर लगेच उठवून न देता त्यांनी आम्हा दोघांना अर्धा तास दिला, आणि माझ्या सासूबाईंच्या "हे बरं होईल का?" या प्रश्नाला हा आजार नाही, ही त्याची घडण आहे आणि शिकवण्याने पुष्कळ फरक पडतो, असे सरळ, खोटी आशा न दाखवता उत्तर दिले.

उणिवा आहेत. अहवाल फक्त इंग्रजीत मिळतो. माझ्या पतीला तो मला वाचून समजावून सांगावा लागला. प्रतीक्षेच्या जागेत पंख्यांचा आणि गर्दीचा एवढा कल्लोळ असतो की, आवाजाने बिथरणाऱ्या मुलांना आत जाण्याआधीच रडू कोसळते. आम्ही दर वेळी बाहेर कडुलिंबाखाली थांबलो. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र या तपासणीबरोबर मिळत नाही, त्यासाठी यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राच्या, संकेतस्थळावर वेगळा अर्ज करावा लागतो आणि वेगळ्या दिवशी जावे लागते, हे कोणी आपणहून सांगितले नाही. वाचा-उपचार आठवड्यातून एकदाच, तेही पाऊण तास, मिळतात आणि ते पुरेसे नाहीत.

खासगी केंद्राने याच तपासणीचे साडेसहा हजार रुपये सांगितले होते. येथे एक रुपयाही लागला नाही. पण पैशापेक्षा आईबापांचे सांगणे पुरावा म्हणून ऐकले गेले, यासाठी मी हे केंद्र सुचवेन. जाताना मुलाचे तीन-चार लहान व्हिडिओ, शक्यतो घराबाहेरचे, आणि बोलणे कधी सुरू झाले वा थांबले याच्या तारखा लिहून न्या.

अहवालाची एक प्रत आम्ही शाळेच्या कार्यालयात दिली. सोबतच्या अर्जात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 चा उल्लेख केला, त्यातील 21 दिव्यांगत्वांमध्ये स्वमग्नता आहे हे लिहिले आणि आमच्या प्रतीवर पोच घेतली. या वेळी त्यांनी शिक्का मारला.