ब्रिटिश खासदारांच्या बिलांची थट्टा: चित्र करावं की व्हिडिओ?

मे 2009 मध्ये 'डेली टेलिग्राफ' या वृत्तपत्रानं ब्रिटिश खासदारांनी सरकारी तिजोरीकडे मागितलेल्या खर्चाची बिलं छापायला घेतली आणि घरबसल्या विडंबन करणाऱ्यांना रान मोकळं मिळालं. पीटर व्हिगर्स यांचं बदकांसाठीचं तरंगतं घर, किंमत 1,645 पौंड. डग्लस हॉग यांच्या वाड्याभोवतीच्या खंदकाची सफाई. जॅकी स्मिथ यांच्या यादीतलं 88 पेन्सचं बूच. अशी वस्तू हाती असेल तर सरळ चित्र करा. बदकघर दिसताक्षणी हसू येतं, त्यासाठी वीस सेकंद कोण थांबेल?

गंमत क्रमात असेल तर मात्र व्हिडिओ. खासदारांना दुसऱ्या घराच्या खर्चासाठी भत्ता मिळायचा. आपलं 'दुसरं घर' कोणतं हे सोयीनं बदलायचं आणि भत्त्यातून आधी एका घरावर, मग दुसऱ्यावर खर्च करायचा, ही लबाडी एका चौकटीत मावत नाही.

चित्राला खर्च जवळपास नाही. 'गिम्प' या चित्र-संपादनाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 1080 बाय 1350 पिक्सेलची चौकट घ्या. एक चेहरा, एक वस्तू, एक आकडा, बस्स. वृत्तसंस्थेचा फोटो उचलू नका. ब्रिटिश संसदेच्या संकेतस्थळावरची खासदारांची अधिकृत छायाचित्रं क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मिळतात, फक्त श्रेय द्यावं लागतं. लाल अक्षरं टाळा: जेपीईजी या चित्रांच्या नेहमीच्या फाइल-प्रकारात रंगाचे बारकावे कमी साठवले जातात, त्यामुळे दोन-चार व्हॉट्सॲप गटांतून फिरलं की लाल कडा फिसकटतात. पांढऱ्यावर काळं टिकतं. जून 2009 मध्ये संसदेनं स्वतः प्रसिद्ध केलेली बिलं मजकूर झाकणाऱ्या काळ्या पट्ट्यांनी भरलेली होती. त्या पट्टीइतकं स्वस्त नेपथ्य दुसरं नाही.

चित्राची खरी अडचण वेगळीच आहे. कोणी स्क्रीनशॉट घेतला की खालचा मजकूर गळतो. म्हणून वर्ष, रक्कम आणि क्रियापद चित्राच्या आतच हवं. क्रियापदावर तर सगळं अवलंबून: व्हिगर्स यांनी बदकघराचे पैसे मागितले, पण ते मंजूर झाले नाहीत. 'जनतेच्या पैशानं घेतलं' असं लिहिलंत तर खोटं बोललात, वर बदनामीच्या दाव्याला निमंत्रण. आजचे आकडे खासदारांचा खर्च तपासणाऱ्या 'इप्सा' या स्वतंत्र संस्थेकडून घ्या. तिथल्या एकूण रकमेत कर्मचाऱ्यांचे पगार आणि कार्यालयाचं भाडंही असतं. ती सगळी खासदाराच्या खिशात गेली असं दाखवणं ही नेहमीची चूक.

व्हिडिओसाठी कागदी कातरणांचं स्टॉप-मोशन बरं, म्हणजे कातरण थोडं थोडं सरकवत काढलेले फोटो सलग जोडायचे. सेकंदाला 12 फोटो धरले तर 20 सेकंदांना 240 लागतात. 6 वर भागवलं तर 120, आणि त्या धक्क्यांनी विनोद उलट खुलतो. मोबाइल स्टँडवर ठेवा, कॅमेऱ्याचं एक्स्पोजर (उजेड) आणि व्हाइट बॅलन्स (रंगछटा) लॉक करा, पडदे ओढून दिव्याखालीच काम करा. नाहीतर ढग सरकला की चित्र लुकलुकतं. आकडा पडद्यावर किमान 3 सेकंद राहू द्या.

सभागृहातलं चित्रण जोडायचा मोह होईल, पण उपहासासाठी ते वापरायला संसदेच्या नियमांनी मनाई आहे. याच कारणानं 2011 मध्ये 'चॅनल 4' या ब्रिटिश वाहिनीनं अमेरिकी विनोदवीर जॉन स्टुअर्ट यांच्या कार्यक्रमाचा एक भाग दाखवला नव्हता. तेव्हा कातरणं आणि आवाज, दोन्ही घरचंच.

पुण्यात बसून करणाऱ्यांसाठी एवढंच: इंग्लंडमध्ये बदनामी आता फौजदारी गुन्हा नाही, आपल्याकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली आहे.